उत्तर न बदलणारा माणूस

मानसशास्त्रवाल्यांना समोरच्याच्या मनातलं कळतं असा लोकांचा पक्का समज असतो. लग्नकार्यात कुणी माझी ओळख करून दिली की समोरची बाई आधी पदर सावरते आणि मग विचारते, "आत्ता माझ्या मनात काय चाललंय सांगा बरं." मी सांगते, "पंगत कधी बसणार." हे उत्तर सहसा चुकत नाही, आणि माझी कीर्ती आणखी चार घरांत पोचते.

खरं सांगायचं तर मला कुणाच्या मनातलं काडीचंही कळत नाही. नांदेडला एका मानसशास्त्र विभागात मी नोकरीभर प्रश्नावल्या तपासल्या. लातूरची मी. आई-वडील तिथंच, त्यामुळे अर्धं आयुष्य नांदेड-लातूर रस्त्यावर एसटीत गेलं आणि उरलेलं अर्धं लोकांच्या ओसरीवर, मांडीवर फॉर्म घेऊन.

प्रश्नावली तपासायची म्हणजे काय, हे माझ्या आईलाही शेवटपर्यंत कळलं नाही. तिला मी वजनकाट्याचं सांगायचे. आज काट्यावर उभं राहिलं, पंधरा दिवसांनी पुन्हा राहिलं, मधे आजारपण नाही, लग्नाची जेवणं नाहीत, तर आकडा साधारण तोच यायला हवा. नाही आला तर काट्यात खोट. प्रश्नावलीचंही तसंच. माणूस तोच, प्रश्न तेच, तर उत्तरं थोडीफार तीच यावीत. याला आम्ही विश्वसनीयता म्हणतो. आई म्हणायची, "म्हणजे तेच तेच दोनदा विचारायचा पगार." मी म्हणायचे, हो.

आमची शेवटची मोठी प्रश्नावली होती मेंदूच्या कारभाराविषयी. काम वेळेवर सुरू करणं, आधी काय आणि नंतर काय ते ठरवणं, हातातलं मधेच न सोडणं, तोंडावर आलेली शिवी गिळणं, असला सगळा कारभार मेंदूच्या पुढच्या भागातून चालतो. पुस्तकात याला 'कार्यकारी कार्ये' म्हणतात. ज्याने हे नाव ठेवलं त्याच्याच कारभारात काहीतरी बिघाड असावा असं मला नेहमी वाटत आलंय. हा कारभार बिघडलाय का, हे माणसाने स्वतःच स्वतःबद्दल सांगायचं. प्रत्येक प्रश्नापुढे चार चौकोन: कधीच नाही, क्वचित, अनेकदा, नेहमी. त्यातल्या एकात खूण करायची, बस.

मूळ प्रश्नावली परक्या भाषेतली. तिचं मराठी ज्या गृहस्थांनी केलं ते बहुधा माणसांशी फार बोलत नसावेत. पहिला प्रश्न होता, 'हाती घेतलेल्या कार्याच्या पूर्ततेपूर्वीच मी अन्य कार्याकडे वळतो.' इस्लापूरला एका शेतकऱ्याला हा वाचून दाखवला. त्याने डोळे मिटून, हात जोडून ऐकला आणि विचारलं, "मॅडम, ह्याचा परसाद कव्हा भेटणार?" मग आम्ही तो बदलला: 'एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याला हात घालता का?' तोच शेतकरी म्हणाला, "हे इचारून राहिल्या का! हे तर रोजचंच हाय."

त्याच्याकडे काही आठवड्यांनी पुन्हा गेले तर उत्तरं उलटीपालटी. मी चक्रावले. तो शांतपणे म्हणाला, "तव्हा सोयाबीन काढणीला आलं होतं, डोकं ठिकाणावर न्हव्हतं. आता काय, रिकामाच हाव. आता कशाला इसरतो?" माझा काटा बरोबर होता, माणूसही बरोबर होता, आणि तरी आकडा चुकला. असल्या गोष्टींसाठी सूत्रांमध्ये जागा नसते.

लातूरची तऱ्हा वेगळी. तिथल्या एका शिकवणीत मुलांवर चाचणी घ्यायचं ठरलं. लातूरच्या मुलांना कागद दिला की तो परीक्षेचाच असतो, दुसरा कुठला कागद जगात असतो हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. फॉर्म वाटले तसा पहिला हात वर झाला, "मॅडम, निगेटिव्ह मार्किंग हाय का?" मी सांगितलं की यात बरोबर-चूक काही नाही, स्वतःबद्दल खरं लिहायचं. वर्गात अशी भीती पसरली की काय सांगू. बाहेर पडल्यावर जिन्यात पोरं उत्तरं जुळवत होती. "वस्तू हरवता का, याला तू काय टाकलं?" "क्वचित." "अरे, 'कधीच नाही' हाय ते!" आणि एकीने तर येऊन विचारलं की याची उत्तरतालिका कधी लागणार, कारण तिच्या पप्पांना पाहायचीय.

तर अशा सगळ्या बदलत्या, फिरत्या, जुळवलेल्या उत्तरांच्या गर्दीत आम्हाला नांदेडजवळच्या लोह्याचे किशन वाघमारे भेटले.

किशनराव एका खासगी शाळेची पिवळी गाडी चालवायचे. चाळिशी ओलांडलेला, हसरा, धिप्पाड माणूस. लोह्याजवळच मोटारसायकलवरून पडले, डोक्याला जबर मार लागला, नांदेडच्या दवाखान्यात बरेच दिवस काढून घरी आले. आम्हाला डोक्याला मार लागलेली माणसं हवीच होती, आणि तुलनेसाठी त्यांच्याच घरातलं एक धडधाकट माणूसही. म्हणून किशनरावांच्या जोडीने त्यांची बायको सविता. तिने दोन फॉर्म भरायचे, एक नवऱ्याबद्दल आणि एक स्वतःबद्दल.

पहिल्या भेटीत किशनरावांनी मला खुर्ची दिली, पंखा लावला, पंख्याचा आवाज येतो म्हणून पान्हा आणायला आत गेले आणि आतून पेरू घेऊन आले. पेरू माझ्या हातात देऊन म्हणाले, "इचारा."

"सुरू केलेलं काम मधेच राहून जातं का?"

"कधीच न्हाई."

"ठरवलेली गोष्ट विसरता का?"

"कधीच न्हाई. लिवा."

"राग आवरत नाही, असं होतं का?"

"कधीच न्हाई!" हे इतक्या जोरात की शेजारच्या अंगणातली शेळी उठून उभी राहिली.

पंखा डोक्यावर खडखडत होता. शेवटपर्यंत सगळं 'कधीच नाही'. मग सवितेची पाळी. बारीक अंगाची, हळू बोलणारी बाई. घर जेमतेम दीड खोलीचं, नवरा समोरच पेरू खात बसलेला. ती नवऱ्याबद्दलच्या प्रत्येक प्रश्नाला त्याच्याकडे बघायची, तो मान हलवायचा, ती म्हणायची, "कधीच न्हाई." आणि स्वतःबद्दल विचारलं की एका दमात, "नेहमी. मी लई इसरते मॅडम. मला काहीच सुधरत न्हाई. येडीच हाव मी."

तीन आठवड्यांनी पुन्हा गेले. दोघांचीही उत्तरं खुणेला खूण तीच.

आमचे विभागप्रमुख बिरादार सर, मूळचे उदगीरकडचे, आकड्यांवर मनापासून प्रेम करणारा माणूस. त्यांनी संगणकावर हे फॉर्म पाहिले आणि त्यांचा चेहरा गणपती आल्यासारखा उजळला. "याला म्हणतात विश्वसनीयता! असा माणूस प्रत्येक तालुक्यात एकेक मिळाला पाहिजे बघा." संगणकाचा निकाल असा होता: किशन वाघमारे, कारभार निर्दोष. सविता वाघमारे, कारभार गंभीररीत्या बिघडलेला, तपासणीसाठी त्वरित बोलवावे.

नियमच होता, म्हणून सवितेला फोन गेला.

सकाळी विभाग उघडायच्या आधीच ती पायरीवर बसलेली होती. एकटी. पिशवीत डबा, हातात घट्ट धरलेला मोबाइल, डोळे रडून लाल. मी आत घेतलं, पाणी दिलं. ती म्हणाली, "ताई, खरं सांगा. मला काय झालंय? माझ्यामागं दोन पोरी हायत."

वेळ काढायला म्हणून मी विचारलं, "आज आलात कशा? घरी कोण आहे?"

आणि ती सांगायला लागली. सासूबाईला साखर, तर त्यांचं इंजेक्शन देऊन निघाले. दुपारचं शेजारणीला दाखवून ठेवलंय, सुई कुठं टोचायची ते. मोठीची शाळा सकाळची, धाकटीची दुपारची, मधल्या वेळात धाकटी आत्याकडं. ब्लाऊज शिवायला आलेत, त्यातले नवरीचे आधी करून दिले, बाकीच्या बायकांना परवाचा वायदा केला. यांना एकटं सोडता येत नाही, म्हणून दिराला सुट्टी घ्यायला लावली. गॅस खालून बंद केलाय, कारण हे दूध ठेवतात आणि निघून जातात. मोटारसायकलची चावी तांदळाच्या डब्यात आहे.

आमच्या अख्ख्या विभागाला, बिरादार सर धरून, एका सकाळीत एवढा कारभार झेपला नसता. या बाईला आमच्या संगणकाने बिघडलेली ठरवलं होतं.

"सविताबाई," मी विचारलं, "यांना एकटं का सोडता येत नाही? फॉर्ममध्ये तर तुम्ही सगळं 'कधीच नाही' म्हणालात."

तिने पिशवीतला डबा नीट बसवला. मग म्हणाली, "तुमी इचारलं, तव्हा ते समोर बसले होते ना."

पुढे ती जे बोलली ते आमच्याच एका कागदाबद्दल होतं. प्रश्नावली भरणाऱ्याला आम्ही एक आभारपत्र द्यायचो. 'प्रश्नावली यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल' वगैरे, खाली सरांची सही आणि गोल शिक्का. किशनरावांकडे अशी दोन पत्रं जमली होती. ती त्यांनी शाळेत नेऊन दिली. सांगितलं, मोठ्या विभागात डोक्याची परीक्षा दिली, दोनदा दिली, दोन्ही वेळा पास. संस्थाचालकांना जुना, भरवशाचा ड्रायव्हर हवाच होता, आणि शिक्का गोल होता. सोमवारपासून गाडीवर या म्हणाले.

"त्या गाडीत लेकरं असतात, ताई," सविता म्हणाली. "मपल्या पोरी बी असतात."

मी तिला तिथंच बसवून सरांच्या खोलीत गेले. सरांनी सगळं ऐकलं आणि चष्मा काढून ठेवला. पहिल्यांदाच मी त्यांना आकडा सोडून माणसाबद्दल बोलताना पाहिलं. "माणूस खोटं बोलत नाही हो," ते म्हणाले. "जो भाग बिघडलाय, बिघाड ओळखायचं कामही त्याच भागाचं. त्याला खरंच ठीक वाटतं. म्हणून तर उत्तर बदलत नाही."

लागलीच त्यांनी शाळेला फोन लावून ते पत्र म्हणजे प्रमाणपत्र नव्हे हे स्पष्ट सांगितलं, आणि सोमवारच्या आत किशनरावांना नीट चाचणीसाठी बोलवायला लावलं. तोंडी नव्हे, प्रत्यक्ष कामाची चाचणी.

किशनराव आनंदाने आले. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर केस चापून बसवलेले. तिसरं पत्र मिळणार याची त्यांना खात्रीच होती. आम्ही त्यांना बाजारात पाठवलं. कामं साधी: पोस्टातून पाकीट आणा, स्टँडवर कंधारच्या पुढच्या गाडीची वेळ विचारा, घड्याळाच्या दुकानात सेलचा भाव विचारा, एका दुकानात दुसऱ्यांदा शिरू नका, अकराच्या आत परत या. चिठ्ठी त्यांच्या खिशात. मागून थोडं अंतर ठेवून मी आणि सविता.

पोस्टाकडे निघालेले किशनराव वाटेत एका म्हाताऱ्याची पोती उतरवायला थांबले. मग चहा. मग त्याच हॉटेलात पुन्हा शिरून पुन्हा चहा. खिशातल्या चिठ्ठीला त्यांनी हात लावला नाही. माणूस मात्र काय गोड! ज्याला त्याला हाक, ज्याला त्याला मदत. मी मनात म्हटलं, कारभार नसला तरी चालेल असं एखादं गाव असतं तर हा तिथला राजा झाला असता.

पुढे एका उताराच्या बोळात एक टेम्पो अडकला होता. ड्रायव्हर किशनरावांच्या ओळखीचा निघाला. "सरक बाजूला," म्हणत हे स्टिअरिंगवर बसले आणि तो टेम्पो असा मागे घेतला की दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ओरखडाही उमटला नाही. मी चाटच पडले. हात शाबूत होते, नजर शाबूत होती. तेवढ्यात रस्त्यापलीकडे त्यांना जुना मित्र दिसला. किशनराव उतरले आणि त्याला भेटायला गेले. इंजिन चालू. ब्रेक न ओढता.

टेम्पो आधी हळूच हलला. सवितेने माझा दंड धरला. मी ओरडले. पपया विकणारी बाई टोपली टाकून बाजूला उडी मारून पडली, आणि टेम्पो तिच्या हातगाड्यावर जाऊन थांबला. पपयांचा रस्ताभर चिखल झाला. बाईला खरचटण्यापलीकडे काही लागलं नाही.

लोक जमले. त्यात सगळ्यात पुढे किशनराव. त्यांनी त्या बाईला हात देऊन उठवलं आणि सगळ्यात मोठ्याने ओरडले, "कोणाची गाडी हाय ही? अक्कल हाय का न्हाई?"

टेम्पोवाला म्हणाला, "किशनराव, तुमीच उतरले की आत्ता!"

"मी? मी तर तिकडं होतो."

त्यांच्या डोळ्यांत लबाडीचा लवलेशही नव्हता. मी आयुष्यभर कागदावरची खोटी उत्तरं पकडली. इतकं प्रामाणिक आणि इतकं चुकीचं उत्तर त्यापूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

मग सविता पुढे झाली. एवढ्या लोकांत, एवढी हळू बोलणारी बाई.

"तुमीच उतरले," ती म्हणाली. "मी बघितलं."

किशनराव हसायला लागले. ती हसली नाही.

"तुमी गाडीवर बसणार असाल तर मपल्या पोरी त्या गाडीत बसणार न्हाईत."

"तू मला येडं समजून राहिली का?" त्यांचा आवाज चढला. जमलेली माणसं एक पाऊल मागे सरली.

"न्हाई. तुमाला सोताचं दिसत न्हाई, येवढंच. पाठीला काय लागलंय ते कुणाला दिसतं का? मागच्यानं सांगावं लागतं."

किशनराव तिच्याकडे वळले. मला वाटलं, आता हात उचलतात. फॉर्मवर राग कधीच अनावर होत नाही असं लिहिलेलं असलं तरी हातांच्या मुठी वळल्या होत्या. मग त्या सुटल्या.

"तुला दिसून राहिलं?"

"हाव."

"कव्हापासून?"

"दवाखान्यातून आले तव्हापासून."

"मंग बोलली कामून न्हाई?"

यावर सविता रडायला लागली, आणि तो आडदांड माणूस भर बाजारात, पपयांच्या चिखलात, बायकोचं डोकं छातीशी धरून उभा राहिला. आपल्याला काही झालंय हे त्यांना तेव्हाही पटलं नव्हतं, मला वाटतं. पण ही बाई खोटं बोलत नाही, हे मात्र पटलेलं होतं.

सोमवारी किशनराव शाळेत गेले आणि म्हणाले, "मी गाडी चालवत न्हाई. बायको न्हाई म्हणते." तिथं बरीच हसाहशी झाली म्हणे. बायकोच्या तालावर नाचणारा ड्रायव्हर म्हणून लोह्यात चार दिवस त्यांची टवाळी चालली. त्यांनी ती ऐकून घेतली. शाळेने मात्र शहाणपणा केला. नव्या ड्रायव्हरच्या गाडीवर त्यांना दाराशी उभं राहायचं काम दिलं. पोरांना हात देऊन चढवायचं, उतरवायचं, प्रत्येकाचं घर ओळखायचं. रोज तेच, त्याच क्रमाने. ते त्यांना उत्तम जमलं. सवितेला आम्ही ठणठणीत असल्याचं सांगितलं, तेव्हा तिने विचारलं, "मंग मला येवढं थकल्यावानी कामून वाटतं?" या प्रश्नाचं उत्तर कुठल्या सूत्रात काढायचं ते मला आजही ठाऊक नाही.

तेव्हापासून घरच्यांचा फॉर्म आम्ही वेगळ्या जागी बसवून भरून घ्यायला लागलो, आणि आभारपत्रावरचा शिक्का काढून टाकला. सरांनी शोधनिबंधात या सगळ्यावर एक वाक्य घातलं: 'काही सहभागींच्या बाबतीत उत्तरांचे सातत्य हे अचूकतेचे निदर्शक नसावे.' मी म्हटलं, सर, अहो टेम्पो घाला, पपया घाला. ते म्हणाले, जागा नाही. ती जागा मी इथे भरून काढतेय.

निवृत्तीच्या आधीच्या फेरीत मी पुन्हा लोह्याला गेले. किशनराव अंगणात बाजेवर बसले होते. जरा वाळलेले. मी फॉर्म काढला आणि नियमाप्रमाणे सांगितलं की उत्तर तुम्ही स्वतःच द्यायचं, कुणाला विचारायचं नाही. ते बरं म्हणाले.

"सुरू केलेलं काम मधेच राहून जातं का?"

त्यांनी तोंड उघडलं आणि थांबले. कपाळाला आठ्या पडल्या. इतका वेळ गेला की मला वाटलं प्रश्नच विसरले. मग त्यांनी मान वळवून घराकडे हाक मारली, "ए सविता, मी कामं अर्धी टाकून राहिलो का गं?"

आतून शिलाई मशीनचा आवाज थांबला. "लई!"

"लई," किशनराव मला म्हणाले. "लिवा."

असं चालत नाही. दुसऱ्याला विचारून दिलेलं उत्तर बाद धरायचं, असा नियम मीच कित्येकांना शिकवला. शिवाय त्यांची उत्तरं आता आधीच्या कुठल्याही फॉर्मशी जुळणार नव्हती. बिरादार सरांच्या लाडक्या माणसाची विश्वसनीयता माझ्या डोळ्यांदेखत मातीला मिळत होती. मी पेन उघडलं, 'नेहमी'च्या चौकोनात ठसठशीत खूण केली आणि पुढचा प्रश्न जरा मोठ्याने वाचला, आतपर्यंत ऐकू जाईल असा.